खिडकीतलं रिकामं रीळ

५ नोव्हेंबर

धाकटीस,

आज उठलो, चहा केला, ऑफिसला गेलो. दुपारी दोन इमारती पाहिल्या. एकीचं काम बरं होतं. दुसरीत जुन्याच भिंतीला रंग फासून नवं काम म्हणून दाखवत होते. घरी आलो तर जिन्यात सिमेंटची पोती. त्यांच्यावरून वर आलो, जेवलो, आणि आता तुला लिहितो आहे.

तू पुन्हा पुन्हा फोन केलास, मी उचलला नाही. राग मानू नकोस. फोनवर पलीकडचं माणूस गप्प झालं की मला काही सुचत नाही. पत्रात तसं होत नाही.

इमारतीत काय चाललंय ते तू विचारलं होतंस. आमच्या खात्याने केलेला नियम आमच्याच दारात आला आहे. शहरातल्या प्रत्येक जुन्या इमारतीची तपासणी होते. आत केलेली ऊब किती टिकते आणि किती वाया जाते ते पाहतात, आणि त्याप्रमाणे मुख्य दारावर एक अक्षर लागतं. आम्हाला 'ड' मिळालाय. 'ड' असलेल्या इमारतींनी दुरुस्ती करून वर्ष संपायच्या आत 'ब'पर्यंत यायचं. आल्या, तर शहर खर्चाचा वाटा उचलतं आणि घरं गरम ठेवणारा नवा बॉयलर देतं. नाही आल्या, तर तळघरातला जुना बॉयलर पुढच्या थंडीत पेटवायचा नाही. हे शेवटचं कलम मी लिहिलेलं आहे. लिहिताना वरच्या मजल्यावरचे आजोबा डोळ्यांसमोर नव्हते. आता ते रोज जिन्यात भेटतात. घरातसुद्धा कोट घालून असतात. म्हणतात, "काय फटीसाहेब, मी आहे तोवर 'ब' मिळेल ना? नाहीतर मी जातो वर, तिथे म्हणे कायम गरम असतं."

फटीसाहेब हे नाव तुझ्या ताईने ठेवलेलं. इमारतभर झालं.

काम बहुतेक संपलं आहे. गच्चीवर जाड थर, भिंतींना आतून अस्तर, सगळ्यांना नव्या खिडक्या. आमच्या सोडून. आमच्या मी पूर्वीच बदलल्या होत्या. तेव्हा ती शेजारणींना सांगायची, "लोक बायकोला दागिने करतात. माझ्या नवऱ्याने खिडक्या केल्या."

आता शेवटची चाचणी राहिली. मुख्य दारात कापडी चौकट लावून मोठा पंखा बसवतात. बाहेरच्या सगळ्या खिडक्या बंद करतात आणि पंख्याने आतली हवा बाहेर ओढतात. जिथे फट असेल तिथून वारा आत शिरतो, आणि किती शिरला ते यंत्र सांगतं. खात्याच्या माणसाने स्वतःच्या इमारतीच्या चाचणीला हजर राहायचं नाही असा नियम आहे. म्हणून किल्ली खालच्या मास्तरीणबाईंकडे देणार आहे. निवृत्त झाल्या तरी त्या अजून इमारतीला वर्गच समजतात. त्यांना सांगितलंय, माझ्याकडच्या सगळ्या खिडक्या लावून घ्या, मागच्या खोलीतलीसुद्धा.

मागच्या खोलीतली खिडकी तशीच आहे, दोन बोटं उघडी. तुझ्या दुकानातलं ते लाकडी रीळ तिने फटीत अडकवलेलं. मी काढलेलं नाही. बाई काढतील, म्हणजे ते काम होऊन जाईल.

तू यायचं म्हणतेस, ते चाचणी झाल्यावर ये. आत्ता सगळीकडे धूळ आहे.

भावोजी


१४ नोव्हेंबर

भावोजी,

तुमचं पत्र आलं. पाकीट बघून दुकानातल्या बायकांचे चेहरे उतरले. त्यांना वाटलं कोर्टाची नोटीस. हल्ली पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, आमचे भावोजी लिहितात, त्यांना फोन चावतो.

इकडेही तुमच्या जातीचा एक फटीसाहेब येऊन गेला. तुमच्याकडे आहे तसाच नियम आता आमच्या गावातही आलाय म्हणे. आमच्या घरमालकाने तेव्हापासून माझ्यामागे लकडा लावलाय की दुकानाचं दार दिवसभर उघडं टाकायचं नाही, दंड होईल. आता मला सांगा, शिंप्याचं दुकान दार लावून चालतं का? बाहेरून जाणाऱ्या बाईला आतलं कापड दिसलं पाहिजे, मशीनचा आवाज गेला पाहिजे, तेव्हा तिला आठवतं की आपलं अस्तर फाटलंय. दार लावलं की लोक म्हणणार, बसलं हिचं दुकान. खरंच दंड आहे का? नीट लिहा. तुम्हीच असली खूळं काढता, तर तुम्हीच निस्तरा.

आणि एक विचारू? खिडकी लावायला बाई कशाला? आख्ख्या शहराच्या खिडक्या लावत फिरता, तुमच्याच हाताला काय झालं? टोचून बोलत नाही, नुसतं विचारते. मला माहीत आहे तुम्ही उत्तर देणार नाही. ताई म्हणायची, यांना प्रश्न विचारला की हे आधी छताकडे बघतात, जणू उत्तर तिथून गळणार आहे.

तुम्ही जेवता का? "जेवलो" एवढं लिहिलंत. काय जेवलात ते नाही. आणि धुळीची भीती मला घालू नका. मी दिवसभर चिंध्यांत बसते.

धाकटी


२ डिसेंबर

धाकटीस,

चाचणी झाली. इमारत नापास झाली.

आधी तुझ्या दाराचं लिहितो. घरमालक तुला उगाच घाबरवतो आहे. नियम एवढंच बघतो की दार लावलं तर ते नीट लागतं का, खालून वारा येतो का. ते दिवसभर लावूनच ठेवा असं नियमात कुठेही नाही. माणसाने घरात कसं राहायचं हे नियम सांगत नाही. दाराखाली रबराची पट्टी बसवून घे आणि दार खुशाल उघडं ठेव.

आता आमचं. थोडक्यात चुकलं. वारा वरच्या मजल्यांवरून शिरतोय एवढं यंत्राने दाखवलं. मी ते पाहिलं आणि मला गच्चीचा संशय आला. ठेकेदाराला बोलावलं. इमारतीत त्याला सगळे 'होऊन जाईल' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो तेवढंच म्हणतो. पण त्या दिवशी म्हणाला नाही.

"साहेब, गच्ची मी उभं राहून करून घेतली. तिथून मुंगी शिरणार नाही."

"मुंगी नाही, वारा शिरतोय."

"मग तो माझ्या गच्चीतून नाही."

"मग कुठून?"

त्याने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. बाई हातातल्या किल्ल्या बघत होत्या. मला कळलं. चोराच्या मनात चांदणं. मी त्याला सांगितलं, वरच्या मजल्याचं छत उघडून दाखव. छत म्हणजे आजोबांच्या खोलीचं. त्याने नुसती मान हलवली.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "एवढ्याशाने चुकलंय. फेरचाचणीचा कागद तुमच्याच हातून जातो. करून टाका." मी फाईल त्याच्याच टेबलावर ठेवली आणि सांगितलं, आमच्या इमारतीचं यापुढे तुम्ही बघा. वर्ष संपायच्या आत एकच फेरचाचणी मिळते, ती बावीस तारखेला आहे.

बाईंनी किल्ली परत दिली. नेहमी जिन्यात धरून ठेवतात, त्या दिवशी नाही. म्हणाल्या, "तुमच्या घरात सगळं जागच्या जागी आहे." बरं वाटलं. मागच्या खोलीचं दार त्यांनी लावून घेतलं आहे. मी ते उघडलं नाही. खिडकी लागली, विषय संपला. त्या दारापाशी पायाला गार लागतं असं मला वाटतं, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला सगळीकडेच वारा लागतो.

घरात बसवत नाही. बसलो की उठतो. पुढच्या खोलीच्या चौकटींवरून हात फिरवतो, काही सापडत नाही, मग जिन्यात जातो.

भात आणि अंडी. तू विचारलं होतंस म्हणून.

भावोजी


९ डिसेंबर

धाकटीस,

तुझं पत्र नाही. दुकानात गर्दी असेल.

सोमवारी आजोबांच्या खोलीचं छत उघडलं. आत जसं हवं तसंच होतं. थर पूर्ण, सांधे बंद. 'होऊन जाईल' शिडीवर उभा होता आणि मी खाली. त्याने फक्त विचारलं, "लावू परत?" म्हटलं, दुसरा कोपरा उघड. तोही उघडला. तिथेही काही नाही.

आजोबा आता मास्तरीणबाईंच्या पुढच्या खोलीत झोपतात. बाई त्यांना शुद्धलेखन सुधारायला लावतात असं ते सांगत होते. मी छताबद्दल माफी मागायला गेलो तर मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि दोघंही माझ्याकडे असं बघत राहिली की जणू काही फुटलं असेल तर माझंच फुटलं आहे. बाई मधेच म्हणाल्या, "तुम्ही..." आणि आजोबा म्हणाले, "बाई, साखर." साखर चहात होती.

आज गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत धुराची कांडी पेटवून उभा राहिलो. धूर सरळ वर गेला. सगळीकडे तो सरळच वर जातो. मग वारा येतो कुठून? वीस वर्षं हेच काम करतो आहे आणि स्वतःच्या इमारतीतली एक फट सापडत नाही. इमारत पास झाली नाही तर पुढच्या थंडीत आजोबांनी काय करायचं? कलम माझं आहे. कुणाकडे बोट दाखवू?

तुझं पत्र येऊ दे.

भावोजी


१३ डिसेंबर

भावोजी,

दुकानात गर्दी नाही. तुम्हाला लिहायला घ्यायचे आणि फाडायचे, असं चाललं होतं. आता फाडणार नाही.

छत फोडणं थांबवा. फट तुमच्या घरात आहे. मागच्या खोलीतली खिडकी उघडीच आहे.

मास्तरीणबाईंचा मला फोन आला होता. चाचणी झाली त्याच आठवड्यात. रडत होत्या हो, एवढी कडक बाई. म्हणाल्या, "मी लावायलाच गेले होते. रिळाला हात लावला. ते तिथे इतकं बसलेलं होतं, जसं काही तिने आत्ताच ठेवलंय आणि चहा टाकायला गेलीये. मला काढवेना. मी कोण ते काढणारी?" मग त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, ही खोली राहिली का, तर बाई म्हणाल्या, ती बंदच असते. त्यांना वाटलं, एवढ्याशा फटीने काय होतंय. तुमच्या यंत्राला ते कळतं हे त्यांना काय माहीत!

तुमच्या 'होऊन जाईल'लाही ठाऊक आहे. त्याने परांचीवरून खिडकी पाहिली. आणि आजोबांनाही. बाई त्यांना म्हणाल्या, आता सांगते साहेबांना, तुमचं छत जातंय. तर आजोबा म्हणाले, "फोडू दे. बायको गेली की माणूस काहीतरी फोडतोच. मी कपाट फोडलं होतं. माझ्यापेक्षा त्याचं बरं, तो परत लावून तरी देतो."

सगळी इमारत तुमच्या एका खिडकीला सांभाळत बसलीये आणि तुम्ही त्यांच्या भिंतीत फटी शोधताय. मला तुमचा इतका राग आला की मी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली.

आता दुसरं. हे मी सांगणार नव्हते, ते आम्हा दोघींतलं होतं. तुम्हाला वाटतं, ताई ती खिडकी छातीच्या दुखण्यात मोकळी हवा लागते म्हणून उघडी ठेवायची. नाही हो. दुखणं नंतर आलं, रिळं ती किती आधीपासून न्यायची माझ्याकडून! मी एकदा विचारलं, एवढी रिकामी रिळं काय करतेस गं? म्हणाली, "तुझ्या भावोजींना खाऊ." मग हसत सुटली. म्हणाली, "अगं, हा माणूस घरी येतो आणि बूट न काढता घरभर हात फिरवत हिंडतो. कुठे काही सापडलं नाही तर जेवतानासुद्धा भिंतीकडे बघत बसतो. म्हणून एक फट ठेवते. ती सापडली की कुरकुरतात, रीळ काढतात, खिडकी लावतात, मग बूट काढतात आणि माणसात येतात. सकाळी ते गेले की मी परत लावते रीळ. माझं काय जातं?"

तुम्ही रोज बंद करायचात आणि ती रोज उघडायची. तुम्हाला वाटायचं ती ऐकत नाही.

बावीस तारीख जवळ आली. तुम्हीच मला लिहिलंत, नियम फक्त दार लागतं का बघतो, लावूनच ठेवा म्हणत नाही. मग चाचणीपुरती लावा. नंतर हवी तर जन्मभर उघडी ठेवा, कोण येतंय बघायला? मी यायला तयार आहे. पण खिडकी मी लावणार नाही, हे आधीच सांगते. मलाही ते जमायचं नाही.

धाकटी


२३ डिसेंबर

धाकटीस,

काल फेरचाचणी झाली. इमारत पास झाली. आज सकाळी दारावरचा 'ड' काढून 'ब' लावला.

तुझं पत्र सतरा तारखेला मिळालं. वाचून वर गेलो. छत परत लावलं होतं, आजोबा आपल्या खोलीत आले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "धाकटीने कळवलं वाटतं." मी मान हलवली. "मग आता माझं छत सुटलं ना?" म्हटलं, सुटलं. "बरं झालं. बाईंकडे आणखी आठ दिवस राहिलो असतो तर मला र्‍हस्व-दीर्घ कळायला लागलं असतं."

बाईंना मी काय म्हणायचं ते ठरवून गेलो होतो. त्यांनीच आधी मला झापलं. किल्ली देताना साधं सांगता आलं नाही का, की हे मला जमत नाही? म्हटलं, मलाच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "हं." मग म्हणाल्या, "मलाही नव्हतं." ठेकेदाराला छताच्या कामाचं वेगळं बिल दे म्हणून सांगितलं. ते इमारतीच्या नाही, माझ्या नावावर. त्याचं उत्तर तुला माहीत आहे.

तू विचारलं होतंस, माझ्या हाताला काय झालं. उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी लावायचो आणि ती उघडायची. आता मी लावली की ती लागलेलीच राहणार. एवढंच होतं. बाईंनी लावली असती, तर निदान ती मी लावलेली नसती.

खाऊचं मला माहीत नव्हतं. तीन दिवस मी तुझं ते वाक्य डोक्यात घेऊन इमारती तपासत हिंडलो. एका ठिकाणी फट सापडली तर हसू आलं. तिथल्या घरमालकाला वाटलं, मी पैसे मागणार.

काल सकाळी चाचणीवाले यायच्या आधी खोलीत गेलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. खिडकीखाली थोडी माती साचली होती, बाहेरून आलेली. ती पुसली. रीळ काढलं. त्याची एक कड खिडकीच्या दाबाने चपटी झाली आहे. खिडकी लावली. चांगली लागते. काम चांगलं केलं होतं मी. बाहेरचा आवाज एकदम थांबला आणि मला ते सहन होईना, म्हणून लगेच किल्ली देऊन बाहेर पडलो. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. आपल्याच इमारतीच्या दारात पंखा फिरताना असा बाहेरून कधी पाहिला नव्हता. रीळ खिशात होतं. चाचणी चालू असताना मी ते बोटांत फिरवत होतो, आणि पलीकडे खिडकीत आजोबा कोट घालून उभे होते. त्यांनी मला हात केला. मीही केला.

नवा बॉयलर फेब्रुवारीत बसेल. आजोबा म्हणतात, तरीही कोट काढणार नाही, त्याला बटणं नवी लावली आहेत.

आज ऑफिसातून आलो तो सरळ या खोलीत. तू म्हणालीस तसं केलं. खिडकी उघडली, रीळ होतं तिथे अडकवलं, आणि तिच्या टेबलाशी बसून हे लिहितो आहे. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करतंय, ती होत नाही. बाई कुणाला तरी जिन्यात रागावत आहेत. वारा बोटांवर येतोय, अक्षर बिघडलं आहे ते त्यामुळे.

जानेवारीत दुकान बंद ठेवता येईल तेव्हा ये. धूळ काढून ठेवतो. येताना रिळं आणू नकोस, एक पुरे.

भावोजी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी हे. पत्र पुन्हा वाचत बसलो होतो आणि थंडी वाजायला लागली. उठलो, रीळ काढून टेबलावर ठेवलं आणि खिडकी लावली. मग लक्षात आलं, बूट अजून पायातच होते. ते काढले आणि चहा ठेवला.